माणसं घरून काम करतात तेव्हा कंपनीची सायबर सुरक्षा: काय आधी, काय नंतर

७ मे २०२१ रोजी कलोनियल पाइपलाइन या अमेरिकी कंपनीने देशाच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी आपली पाइपलाइन बंद ठेवली. कंपनीच्या संगणकांवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला होता. तपासात कळलं की हल्लेखोर एका जुन्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट) खात्यातून आत शिरले. ते खातं कुणीच वापरत नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं. त्याचा पासवर्ड इंटरनेटवर फिरणाऱ्या चोरीच्या पासवर्डांच्या एका गठ्ठ्यात सापडला आणि त्या खात्याला पासवर्डपलीकडे दुसरी कुठलीच पडताळणी नव्हती. कंपनीने ७५ बिटकॉइनची, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ४४ लाख डॉलरची, खंडणी दिली.

या गोष्टीत कुठलंही हॅकिंगचं कसब नाही. एक विसरलेलं खातं आणि एक गळालेला पासवर्ड, एवढ्यावर काम झालं. माणसं घरून काम करतात तेव्हा ऑफिसची भिंत, दारावरचा सुरक्षारक्षक, शेजारच्या टेबलावरचा ‘अरे, ही मेल खरी आहे का?’ असं विचारता येणारा सहकारी, हे सगळं जातं. उरतं ते लॉगिन. कोण आत येतंय, कुठल्या यंत्रावरून येतंय आणि माणूस सोडून गेल्यावर त्याचं दार बंद झालं का, या तीन प्रश्नांची उत्तरं पक्की असतील तर निम्म्याहून जास्त काम झालं असं मी धरतो. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. दहा-वीस ते शंभरेक माणसांची कंपनी, आयटी बघणारा एखादाच माणूस आणि सुरक्षेसाठी वेगळा विभाग नाही, अशी परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहेत. नवं सॉफ्टवेअर विकत घेणं या क्रमात बरंच खाली येतं, हे आधीच सांगून ठेवतो.

टप्पा १: यादी करा

कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. एक साधी स्प्रेडशीट उघडा आणि तिच्यात तीन पानं करा: माणसं, यंत्रं, खाती. माणसांमध्ये पगारी कर्मचाऱ्यांबरोबर फ्रीलान्सर, बाहेरची अकाउंटंट फर्म आणि वेबसाइट सांभाळणारी एजन्सीही आली. यंत्रांमध्ये लॅपटॉप आणि ऑफिसची मेल उघडणारे सगळे फोन. खात्यांच्या पानावर प्रत्येक सेवेपुढे चार गोष्टी लिहा: ॲडमिन कोण, आत येण्याची पद्धत कोणती, बिल कोण भरतं आणि ती सेवा उद्या बंद पडली तर कुणाचं काम अडेल.

विसरलेली खाती शोधायची कशी? कंपनीच्या कार्डाची वर्षभराची स्टेटमेंट काढा. दर महिन्याला पैसे कापणाऱ्या सेवा तिथे दिसतात. मेलच्या ॲडमिन पॅनेलमध्ये कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या खात्याने कुठकुठल्या बाहेरच्या ॲपना परवानगी दिली आहे याची यादी असते, ती बघा. पहिल्यांदा बघताना बरीच अनोळखी नावं निघतील.

एक खातं मात्र जवळपास प्रत्येक जण विसरतो, ते म्हणजे डोमेन, तुमच्या वेबसाइटचा आणि मेलचा पत्ता, जिथे नोंदवलं ती सेवा. कंपनी सुरू झाली तेव्हा कुणीतरी स्वतःच्या खाजगी ईमेलवरून डोमेन घेतलेलं असतं. ते खातं ज्याच्या हाती गेलं त्याच्या हाती तुमची सगळी मेल गेली, आणि मेल गेली की इतर सेवांचे पासवर्ड बदलून घेता येतात. हे खातं आजच कंपनीच्या नावावर आणा.

टप्पा २: लॉगिन घट्ट करा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक खात्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी हवी. सगळीकडे एका दिवसात करता येत नसेल तर क्रम असा ठेवा: आधी मेल आणि डोमेन, मग सर्व ॲडमिन खाती, मग पैशांशी संबंधित सेवा, मग ग्राहकांचा डेटा आणि सोर्स कोड, आणि शेवटी बाकीचं.

दुसरी पडताळणी ‘चालू’ असणं पुरेसं नाही, ती कुठल्या प्रकारची आहे हे महत्त्वाचं. एसएमएसवरचा ओटीपी सगळ्यात कच्चा, कारण मोबाइल कंपनीला फसवून तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर घेता येतो. तरी काहीच नसण्यापेक्षा तो बरा. ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारा कोड त्याहून चांगला. पण खोट्या लॉगिन पानावर माणूस तो कोडही टाकतो आणि हल्लेखोर त्याच क्षणी तो खऱ्या पानावर वापरतो. फोनवर ‘मंजूर करा’ अशी सूचना येण्याच्या पद्धतीचीही गंमत २०२२ मध्ये दिसली. उबरसाठी काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड हल्लेखोराकडे होता. त्याने पुन्हा पुन्हा लॉगिनचा प्रयत्न केला, कंत्राटदाराच्या फोनवर सूचनांचा मारा झाला आणि अखेर त्याने एक सूचना मंजूर केली. तुमच्याकडे ही पद्धत असेल तर स्क्रीनवर दिसणारा आकडा फोनमध्ये टाकायला लावणारी सेटिंग चालू करा. नुसतं बटण दाबून आत जाता येऊ नये.

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा लॅपटॉपमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीमध्ये लावायची सुरक्षा-की. ती वेबसाइटचा खरा पत्ता स्वतः तपासते, त्यामुळे खोट्या पानावर ती उत्तरच देत नाही. त्याच २०२२ मध्ये ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन्ही तंत्रज्ञान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना सारख्याच धाटणीचे फसवे एसएमएस आले. क्लाउडफ्लेअरच्या तीन कर्मचाऱ्यांनी खोट्या पानावर पासवर्ड टाकलाही, पण तिथे प्रत्येकाला सुरक्षा-की बंधनकारक होती, म्हणून हल्लेखोर बाहेरच राहिले. ट्विलिओच्या यंत्रणेत ते शिरले. माणसं दोन्हीकडे चुकली, फरक पडला तो कीमुळे. निदान ॲडमिन आणि पैसे हाताळणारी माणसं यांना तरी की द्या, आणि प्रत्येकी दोन द्या. एक जवळ, एक सुरक्षित ठिकाणी. एकच दिलीत तर ती हरवल्याच्या दिवशी घाईघाईत सगळी सुरक्षा बाजूला ठेवून त्या माणसाला आत घ्यावं लागेल.

पासवर्ड मॅनेजर सगळ्यांना द्या, कंपनीच्या खर्चाने द्या. त्याशिवाय ‘प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा’ हा सल्ला पोकळ आहे. दर ६० किंवा ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती मात्र काढून टाका. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की पासवर्ड गळाल्याचा पुरावा नसताना तो ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, हे सगळ्यांना माहीत असूनही अनेक ठिकाणी ती प्रथा चालूच आहे.

आणखी दोन कामं याच टप्प्यात उरका. जुन्या पद्धतीच्या मेल प्रोग्रॅमना फक्त पासवर्डवर मेल उघडू देणारी सोय ॲडमिन पॅनेलमधून बंद करा, नाहीतर पुढच्या दाराला कितीही कुलपं लावा, त्या वाटेने कुणीही आत येईल. आणि एकाच खात्याने सगळ्या सेवांमध्ये जाता येईल अशी एकत्रित लॉगिनची सोय जिथे मिळते तिथे घ्या. अनेक कंपन्या ही सोय त्यांच्या महागड्या प्लॅनमध्येच ठेवतात आणि सुरक्षेवर असा जादा दर लावणं मला पटत नाही. तरी मेल, फाइल्स आणि ग्राहकांची माहिती या तीन ठिकाणी तरी ते पैसे मोजावेत.

टप्पा ३: यंत्र कंपनीचं की घरचं?

घरचा संगणक ऑफिसच्या कामाला वापरू देणं स्वस्त वाटतं. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड डेटा सेवेच्या अनेक ग्राहक कंपन्यांचा डेटा चोरीला गेला. तपास करणाऱ्या मँडियंट या सुरक्षा कंपनीने धोका असलेल्या सुमारे १६५ संस्थांना कळवलं गेल्याचं सांगितलं. चोरांनी स्नोफ्लेकची यंत्रणा फोडली नव्हती. पासवर्ड चोरणाऱ्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) पूर्वी गोळा केलेले पासवर्ड त्यांच्याकडे होते, काही तर २०२० पासूनचे, आणि त्या खात्यांना दुसरी पडताळणी नव्हती. काही प्रकरणांत हे मालवेअर कंत्राटदारांच्या अशा संगणकांवर होतं ज्यांवर गेम आणि पायरेटेड सॉफ्टवेअरही उतरवलं जात होतं. म्हणजे ज्या यंत्रावर संध्याकाळी क्रॅक केलेला गेम चालतो, त्याच यंत्रावर सकाळी ग्राहकांचा डेटाबेस उघडतो. या प्रकारचं मालवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतंच, चालू लॉगिनच्या कुकीजही (तुम्ही आधीच आत आहात हे वेबसाइटला सांगणाऱ्या छोट्या फाइल्स) नेतं, आणि कुकी हातात असली की कधी कधी दुसऱ्या पडताळणीची गरजच उरत नाही.

म्हणून जमेल तितक्या लवकर सगळ्यांना कंपनीचे लॅपटॉप द्या. लॅपटॉप हातात देण्याआधी एवढं झालंच पाहिजे:

- डिस्क एन्क्रिप्शन चालू, म्हणजे किल्लीशिवाय डिस्कवरचा डेटा वाचता येत नाही. विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. रिकव्हरी की कंपनीकडे साठवलेली असावी, कर्मचाऱ्याच्या डायरीत नव्हे.
- रोजच्या कामाचं खातं साधं, ॲडमिन अधिकारांशिवाय.
- ऑपरेटिंग सिस्टीम आणि ब्राउझरचे अपडेट आपोआप. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अजून त्यावर असलेली यंत्रं यादीत लाल करा.
- पाच मिनिटांत आपोआप लॉक होणारी स्क्रीन.
- दुरून व्यवस्थापन करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तर दुरूनच पुसता येईल.

घरचं यंत्र वापरण्याला खरोखर पर्याय नसेल तर निदान डेटा त्यावर उतरू देऊ नका. काम ब्राउझरमध्ये किंवा दूरच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर चालावं, फाइल डाउनलोड बंद असावी. फोनवर कामाची वेगळी प्रोफाइल ठेवा. माणूस सोडून गेला की फक्त तेवढी पुसायची, त्याचे घरचे फोटो तसेच राहतात. हे कर्मचाऱ्यांना आधी सांगा. ‘कंपनी माझा फोन बघणार’ ही भीती खरी असते, आणि ती दूर केली नाही तर लोक नियम चुकवण्याच्या वाटा शोधतात.

टप्पा ४: जोडणी

इथे थोडक्यात आटोपतो. ऑफिसमधल्या संगणकाचा रिमोट डेस्कटॉप (तो संगणक दुरून चालवण्याची सोय) इंटरनेटवर थेट उघडा ठेवू नका, त्याचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, बदलून तर मुळीच समाधान मानू नका. काही तासांत तो शोधला जातो. तुमच्या सगळ्या सेवा क्लाउडवर असतील तर कदाचित व्हीपीएनची गरजच नाही. ऑफिसात सर्व्हर असेल तर व्हीपीएन हवं, पण त्यालाही दुसरी पडताळणी लावा आणि त्याच्या उपकरणाचे अपडेट आले की त्याच आठवड्यात करा. इंटरनेटकडे तोंड करून बसलेली ही उपकरणं हल्लेखोरांच्या आवडीची आहेत. आणि व्हीपीएनमधून आत आलेल्या माणसाला सगळं नेटवर्क दिसू नये, त्याच्या कामापुरतंच दिसावं.

घरच्या राउटरसाठी एक पानाची सूचना पुरते: ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा. कॅफेतल्या वायफायची भीती मला थोडी अतिरंजित वाटते, कारण आता बहुतेक सगळी वाहतूक एन्क्रिप्ट केलेलीच असते. कॅफेतला खरा धोका म्हणजे टेबलावर सोडून गेलेला लॅपटॉप आणि मोठ्या आवाजात चाललेला ग्राहकाचा कॉल.

टप्पा ५: फोनवरचा आवाज ओळखीचा वाटला तरी

जुलै २०२० मध्ये ट्विटरचे कर्मचारी महामारीमुळे घरून काम करत होते. हल्लेखोरांनी त्यांना फोन केले, आम्ही आयटी हेल्पडेस्कवरून बोलतोय असं सांगितलं आणि व्हीपीएनचा विषय काढला. त्या दिवसांत व्हीपीएन सगळ्यांचंच अडत होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मग खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या लॉगिन पानावर पासवर्ड टाकून घेतले. पुढे बराक ओबामा, बिल गेट्स यांच्यासह १३० खात्यांना लक्ष्य केलं गेलं.

असा फोन कसा असतो हे तुमच्या माणसांना प्रत्यक्ष ऐकवा. ‘नमस्कार, आयटीतून बोलतोय. काल रात्रीपासून तुमचं कनेक्शन सारखं तुटतंय असं इकडे दिसतंय. तुम्हाला जाणवलं का? … हो ना, तेच. दोन मिनिटांचं काम आहे, मी एक लिंक पाठवतो, तिथे एकदा लॉगिन करा म्हणजे मी इकडून रीसेट करतो. मीटिंग आहे का तुमची? मग पटकन करून टाकू.’ यात एकही शब्द संशयास्पद नाही. म्हणून नियम शब्दांवर बेतू नका, वाटेवर बेता: आयटीतून आलेल्या कुठल्याही फोनवर लॉगिन करायचं नाही, फोन ठेवायचा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन करायचा. खरा आयटीवाला यावर रागावणार नाही, हे त्याच्याकडूनच सगळ्यांसमोर वदवून घ्या.

उलट बाजूही तितकीच नाजूक आहे. ‘फोन बदलला, लॉगिन होत नाही, दुसरी पडताळणी काढून द्या’ असा फोन आयटीला येतो तेव्हा काय करायचं? ठरवून ठेवा: व्हिडिओ कॉल आणि त्या माणसाच्या वरिष्ठाची वेगळ्या मार्गाने खात्री, दोन्ही झाल्याशिवाय रीसेट नाही. ॲडमिन खात्यांसाठी तर दोन माणसांची मंजुरी.

केवळ व्हिडिओवर विसंबू नका, याचं कारण २०२४ मध्ये समोर आलं. अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये वरिष्ठांचे चेहरे पाहून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर १५ व्यवहारांत पाठवले. ते चेहरे आणि आवाज डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे, होते. उपाय तंत्रज्ञानाचा नाही, हिशेबखात्याचा आहे: ठरावीक रकमेच्या वरचा व्यवहार किंवा पुरवठादाराच्या बँक खात्यातला बदल दोन माणसांच्या सहीशिवाय होणार नाही, आणि त्यातल्या एकाने जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून खात्री केलेली असेल. मालकाचाच ‘अर्जंट’ मेसेज आला तरी नियम तोच. खरं तर मालकाच्या मेसेजसाठीच तो आहे.

माणूस न भेटता नोकरीवर घेत असाल तर आणखी एक गोष्ट. सुरक्षा-प्रशिक्षण देणाऱ्या नोबीफोर या कंपनीनेच जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यांनी व्हिडिओ मुलाखती आणि पार्श्वभूमीची तपासणी करून घेतलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर चोरीच्या ओळखीवर आलेला उत्तर कोरियाचा माणूस निघाला. कंपनीचा लॅपटॉप हातात पडताच त्याने त्यावर मालवेअर टाकायला सुरुवात केली होती. लॅपटॉप पाठवायचा पत्ता अर्जातल्या पत्त्याहून वेगळा मागितला तर थांबा, आणि नव्या माणसाला पहिले काही आठवडे मोजकेच अधिकार द्या.

याच टप्प्यात तुमच्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी लावून घ्या, म्हणजे तुमच्या नावाने खोट्या मेल पाठवणं अवघड होतं. डीमार्क आधी नुसतं निरीक्षणावर ठेवा, काही आठवडे अहवाल वाचा, तुमचे बिलिंग आणि न्यूजलेटरचे खरे मेल त्यात बसताहेत हे पाहा आणि मगच ते खोट्या मेल नाकारण्यावर न्या. बऱ्याच कंपन्या निरीक्षणावरच वर्षानुवर्षं थांबतात. त्याने खोटी मेल अडत नाही.

टप्पा ६: माणूस सोडून जातो तो दिवस

कलोनियलचं खातं आठवा. नोकरी सोडणाऱ्याचा पासवर्ड बदलला म्हणजे झालं असं समजू नका; त्याच्या फोनवरचं चालू लॉगिन बऱ्याचदा तसंच राहतं. क्रम असा ठेवा: खातं थांबवा, सगळी चालू सत्रं (उघडी लॉगिन) रद्द करा, मेल कुठे आपोआप फॉरवर्ड होते का ते पाहा, त्याने परवानगी दिलेली बाहेरची ॲप काढा, त्याला माहीत असलेले सामायिक पासवर्ड आणि एपीआय की (एका प्रोग्रॅमला दुसऱ्या सेवेत जाऊ देणाऱ्या किल्ल्या) बदला, त्याच्या फाइल्सची मालकी दुसऱ्याकडे द्या आणि लॅपटॉप परत मागवा. टप्पा १ ची यादी इथे कामाला येते. ती नसेल तर तुम्ही आठवणीवर चालाल. हे सगळं शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात व्हावं, आणि एचआरने आयटीला आदल्या दिवशी कळवलेलं असावं. फ्रीलान्सरच्या खात्यांना सुरुवातीलाच मुदत घाला, म्हणजे ती आपोआप बंद होतील.

टप्पा ७: बॅकअप

फाइल्स क्लाउडवर सिंक होतात म्हणजे बॅकअप झाला, हा गैरसमज. रॅन्समवेअरने लॅपटॉपवरची फाइल बिघडवली की बिघडलेलीच फाइल वर सिंक होते. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम अजून लागू आहे. त्यात भर एवढीच की एक प्रत अशी असावी जी रोजच्या ॲडमिन खात्यानेही पुसता येणार नाही. आणि दर तिमाहीला एक फोल्डर खरोखर परत आणून बघा. किती वेळ लागला तो लिहून ठेवा. तो आकडा पाहून मालक मंडळी बॅकअपवर पैसे खर्च करायला तयार होतात.

टप्पा ८: घडलंच तर

एका पानावर मावेल एवढी योजना करा आणि ती छापून प्रत्येकाच्या घरी ठेवा, कारण हल्ल्याच्या दिवशी मेल आणि चॅट बंद असू शकतात, किंवा हल्लेखोरच ते वाचत असू शकतात. त्या पानावर असावं: कुणाला फोन करायचा, तो न उचलल्यास कुणाला, आणि बोलायला कुठला ग्रुप, जो कंपनीच्या खात्यांवर चालत नाही. कर्मचाऱ्यासाठी सूचना दोनच: वायफाय बंद करा, लॅपटॉप बंद करू नका. बंद केला की तपासाला लागणारी मेमरीतली माहिती जाते. आयटीसाठी: त्या माणसाची सगळी सत्रं रद्द, पासवर्ड बदल, मेलचे फॉरवर्डिंग नियम तपासणं, लॉग (कोण कधी आत आलं, काय केलं याच्या नोंदी) जपून ठेवणं. मेल आणि फाइल सेवांचे लॉग किती दिवस साठतात ते आजच बघा. स्वस्त प्लॅनमध्ये ते लवकर पुसले जातात. डेटा गेल्याचं सरकारी यंत्रणेला कळवण्याची मुदत देशागणिक वेगळी असते, युरोपीय संघात ती साधारणपणे ७२ तास आहे. तुमचे ग्राहक जिथे आहेत तिथली मुदत त्याच पानावर लिहा.

‘मी लिंकवर क्लिक केलं’ असं सांगणाऱ्याला ओरडू नका. ओरडलात तर पुढचा माणूस दोन दिवस गप्प बसेल, आणि ते दोन दिवस हल्लेखोराला मिळतील. फिशिंगच्या, म्हणजे फसवून पासवर्ड काढून घेणाऱ्या, खोट्या मेल स्वतःच पाठवून चाचणी घेत असाल तर किती जण फसले याऐवजी पहिली तक्रार किती मिनिटांत आली ते मोजा.

आणि वर्षातून एकदा तासभराची तालीम घ्या. एखाद्या मंगळवारी सकाळी सगळ्यांना व्हिडिओवर बोलवा आणि सांगा: हिशेब बघणाऱ्या व्यक्तीचा लॅपटॉप लॉक झालाय, स्क्रीनवर खंडणीचा मजकूर आहे, आयटीवाला विमानात आहे. आता त्या छापलेल्या पानावरचा पहिला नंबर फिरवा आणि बघा कोण उचलतंय.